हिऱ्याशेजारची वेढणी

युरोप-अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी लग्न ठरताना मुलीच्या बोटात खड्याची अंगठी येते आणि लग्नाच्या दिवशी त्याच बोटात आणखी एक. ही दुसरी घ्यायला जोडपं पेढीवर गेलं, की पहिली समोर ठेवून तिच्याशी जुळणारी जोडी शोधणं सुरू होतं. हिऱ्याचं कोंदण खाली बसलेलं असेल तर सरळ वेढणी तिला भिडत नाही, मधे फट राहते. ती फट दिसू नये म्हणून वेढणीला कोंदणाच्या वळणाचा बाक देतात. कधी दोन्ही अंगठ्या झाळून एकच करून टाकतात. अशी बाक दिलेली वेढणी एकटी हातात घेऊन पाहावी. गोल आहे, पण एका जागी आत दबलेली, आणि त्या दबलेल्या जागेत कोण बसत होतं हे ती एकटी असताना कळत नाही. लग्नाच्या अंगठीने साखरपुड्याच्या अंगठीचा आकार घ्यावा का? घडणावळीचा वाटणारा हा प्रश्न मला धर्माचा वाटतो, आणि माझं उत्तर 'घेऊ नये' असं आहे.

मराठीत लग्न आधी ठरतं आणि मग लागतं. ही दोन क्रियापदं आपण इतक्या सहज वापरतो की त्यांच्यातलं अंतर लक्षात येत नाही. ठरलेलं लग्न मोडू शकतं. त्यात दुःख आहे, पण अधर्म असेलच असं नाही. वाङ्निश्चय झाला म्हणून विवाह झाला असं धर्मशास्त्रही मानत नाही. तो पुरा होतो सातव्या पावलावर, असं मनुस्मृती सांगते आणि 1955 चा हिंदू विवाह कायदाही, जिथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तिथे, तेच सांगतो. सहाव्या पावलापर्यंत जे फक्त होणार होतं, ते सातव्याला झालेलं असतं. पाश्चात्त्य न्यायालयांनाही हा भेद नीट कळतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये निर्णय दिला, की साखरपुड्याची अंगठी ही लग्न होईल या अटीवर दिलेली भेट असते. लग्न झालं नाही तर दोष कोणाचा हे न पाहता ती परत द्यावी. म्हणजे त्या अंगठीच्या पोटात एक 'जर' आहे. लग्न लागताना उच्चारलेल्या शब्दांत 'जर' नसतो. ज्याच्यात 'जर' नाही त्याने 'जर'वाल्याच्या मापाने वाकावं, हे मला पटत नाही.

या बाबतीत सर्वांत खोल विचार यहुदी परंपरेने केलेला दिसतो. अलिबाग-रेवदंड्याकडच्या बेने इस्रायलांमुळे ती मराठी माणसाला अगदीच परकी नाही. त्या धर्मशास्त्राप्रमाणे वर दोन साक्षीदारांसमोर वधूला काही मोलाची वस्तू देतो आणि ती तिने स्वीकारली की बंधन जुळतं. मोल किती, तर किमान एक पेरुटा, म्हणजे जुन्या काळातलं सर्वांत लहान तांब्याचं नाणं. आज ती वस्तू बहुधा अंगठीच असते. ती वराच्या मालकीची असावी लागते आणि वधूच्या उजव्या हाताच्या तर्जनीत घातली जाते. तिला खडा नसावा, असा रिवाज सोळाव्या शतकातल्या शुल्हान आरुख या धर्मसंहितेत नोंदलेला आहे. कारण मोठं विलक्षण आहे. सोन्याचा अंदाज सामान्य माणसाला साधारण येतो, खड्याचा येत नाही. वधूला खडा भारी वाटला आणि तो निघाला काचेचा, तर तिने होकार नेमका कशाला दिला? चुकीच्या समजुतीवर उभा असलेला होकार खरा मानायचा का? ही शंका विवाहालाच शिवू नये म्हणून खडाच नको.

यावर कोणी म्हणेल, की ही तर फसवणूक टाळायची व्यावहारिक तजवीज आहे, तिच्यात तत्त्वज्ञान कुठे आलं? माझ्या मते ते तिथेच आहे. होकाराच्या क्षणी समोर जे आहे ते पूर्णपणे कळलेलं असावं, डोळे दिपवणारं काही मधे नसावं, हा आग्रह सोन्याच्या भावाबद्दलचा नाही, माणसाच्या मोकळ्या इच्छेबद्दलचा आहे. हिरा दिपवण्यासाठीच असतो. मागणी घालताना तो शोभतो, कारण तिथे समोरच्याला वळवायचंच असतं. लग्न लागताना वळवणं संपलेलं असतं.

याहून जड आक्षेप इतिहासाचा आहे. अंगठी मुळात वाग्दानाचीच, लग्नाची अंगठी ही नंतरची भर. मग थोरली कोण? रोमन लेखक थोरला प्लिनी सांगतो, की त्याच्या काळीही वाग्दत्त वधूला अंगठी पाठवत. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही अंगठ्या वाग्दानाच्या विधीत घालतात आणि विवाहविधीत वधूवरांच्या मस्तकी मुकुट चढतात. आक्षेप खरा आहे, पण प्लिनीचं वाक्य पूर्ण वाचायला हवं. ती अंगठी लोखंडाची होती आणि तिला खडा नव्हता, हेही तो तिथेच सांगतो. ऑर्थोडॉक्स विधीतही एका अंगठीला दुसरीशी जुळवून घ्यावं लागत नाही. लग्नाची खूण तिथे अंगठीहून वेगळीच, मुकुटाची, ठेवलेली आहे. थोरलेपण हिऱ्याकडे गेलं ते फार अलीकडे. ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने 1477 मध्ये बर्गंडीच्या मेरीला दिलेल्या हिऱ्याच्या अंगठीचा दाखला नेहमी देतात, पण ती राजघराण्याची गोष्ट. मध्यमवर्गाच्या मनात हिरा आणि लग्न यांची गाठ पक्की बसली ती विसाव्या शतकात, डी बिअर्स या हिऱ्यांच्या कंपनीच्या जाहिरातींमुळे. हिरा चिरंतन असतो हे त्यांचं घोषवाक्य 1947 चं. चिरंतनपण हा शब्द लग्नविधीचा होता. जाहिरातीने तो उचलून खड्याला चिकटवला. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इंग्लंडमधल्या प्युरिटनांनी 1603 मध्ये राजा जेम्सकडे अर्ज करून लग्नातली अंगठीच काढून टाका अशी मागणी केली होती, आणि क्वेकर पंथाच्या विवाहविधीलाही अंगठी लागत नाही. शब्द पुरेसा आहे, हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणूनच, घालायचीच तर ती अशी असावी की शब्दापुढे येणार नाही.

राहिला सौंदर्याचा मुद्दा. दोन अंगठ्या शेजारी बऱ्या दिसाव्यात ही इच्छा काही वाईट नाही. धातू आणि कॅरट एक ठेवावा, नाहीतर कडक अंगठी मऊ अंगठीला झिजवते. फट फारच खटकत असेल तर हिऱ्याचं कोंदण उचलून घ्यावं, वाकायचंच तर त्याने वाकावं. नाहीतर फट राहू द्यावी. ठरणं आणि लागणं यांच्यात ती होतीच. शिवाय कणीक मळताना, बाळाला न्हाऊ घालताना कोंदणाचे काटे अडकतात, म्हणून हिऱ्याची अंगठी उतरवून ठेवली जाते. हातात उरते ती वेढणी, ओल्या पिठात, साबणाच्या फेसात, दिवसाचा बराच वेळ एकटी.