मापाचा अधिकार

माझ्या थोरल्या बंधूंच्या फुप्फुसांतील कर्करोगाचें दुसरें छायाचित्र मिरजेस काढलें, तेव्हां तें उजेडापुढें धरून घरांतील सर्वांनीं पाहिलें. पाहिलें नाहीं तें एकट्या बंधूंनीं. गांठींची बेरीज ६२ मिलिमीटरांवरून ६६ झाली होती. अहवाल मीं खिशांत घातला व सांगलीस घरीं येऊन ‘ठीक आहे’ एवढेंच सांगितलें. ही दया कीं भित्रेपणा, हा प्रश्न साताऱ्यास परतल्यावरही मला सोडीना.

या मापाची रीत वाचकांस सांगितली पाहिजे. सी. टी. स्कॅननें छातीचे जणूं पातळ काप पाहतां येतात. उपचारांपूर्वीं ठळक गांठींचे सर्वांत लांब व्यास मोजून बेरीज मांडतात, व औषधाचे कांहीं फेरे झाल्यावर पुनः मोजतात. बेरीज शेंकडा ३० घटली तर ‘अंशतः प्रतिसाद’. नीचतम बेरजेहून शेंकडा २०, व निदान ५ मिलिमीटर, वाढली किंवा नवी गांठ दिसली तर रोग बळावला. मधल्या अवस्थेस ‘स्थिर’ म्हणावयाचें. २००० सालीं प्रसिद्ध झालेला हा दंडक २००९ सालीं सुधारण्यांत आला. (गोल गांठीचा व्यास शेंकडा ३० घटला कीं घनफळ जवळ जवळ दोन तृतीयांश नाहींसें होतें, ‘अंशतः’ हा शब्द तेथें फारच कृपण वाटतो.) परंतु माणसाची धाप, भूक, झोंप या बेरजेंत येत नाहींत. प्रतिकारशक्ति जागविणाऱ्या नव्या औषधांनीं तर गांठ कधीं कधीं आधीं फुगलेली दिसते व मागून ओसरते. म्हणून वाढ दिसल्यास चार ते आठ आठवड्यांनीं पुनः पाहावें, असें २०१७ सालीं सुचविण्यांत आलें.

याच अनिश्चिततेचा आम्ही आडोसा केला. अर्थ पक्का नाहीं, मग रोग्याच्या जिवाला घोर कशाला? कित्येकांस आपला आजार जाणून घ्यावयाचा नसतो, हेंही खरें; पण तसें बंधूंस कोणी विचारलेंच नव्हतें. औषध चालवावें कीं थांबवावें, याचा खल आम्ही माजघरांत करीत होतों आणि सुया त्यांना टोंचल्या जात होत्या.

बंधूंची सारी नोकरी जमीनमोजणीच्या खात्यांत झाली. तिसऱ्या छायाचित्राच्या आदल्या रात्रीं ते मला म्हणाले, “खातेदाराला नोटीस दिल्यावांचून मीं कोणाचा एक गुंठा मोजला नाहीं. माझ्या छातीची मोजणी तुम्हीं दोनदां केलीत.”

मीं कपाटांतून दोन्ही अहवाल काढून दिले. त्यांनीं चष्मा लावला, आंकडे क्रमानें वाचले आणि पेन्सिल मागितली.