अखेरच्या पावलावर

आमच्या वाशीमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने टोल्कीन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा अखेरचा, १९५५ साली प्रसिद्ध झालेला खंड मला वाचावयास दिला. अद्भुत कथांचा मी हौशी वाचक. आधीचे दोन खंड नुसते चाळलेले.

दुष्ट सामर्थ्याची मुद्रिका अग्नीत टाकण्यासाठी फ्रोडो उपाशीतापाशी ज्वालामुखीच्या कड्यापर्यंत पोहोचतो आणि ऐनवेळी ‘ही माझीच’ म्हणून ती बोटात घालतो! गोलम ते बोटच चावून तोडतो व मुद्रिकेसह आगीत कोसळतो.

“फादर, नायक हरला, काम योगायोगाने झाले,” तरुण म्हणाला. मलाही प्रथम तसेच वाटले. परंतु गोलम तोवर जिवंत कसा? आधी बिल्बोने, मग फ्रोडोने, शेवटी सॅमनेही हाती आलेल्या त्याला दया करून सोडले होते. त्या दयेत कसलाही हिशेब नव्हता.

टोल्कीन श्रद्धावंत कॅथलिक. पुढे पत्रांतून त्यांनी म्हटले की, फ्रोडोवरील भार मानवी शक्तीपलीकडचा होता. त्याचे ढासळणे हा नैतिक अपराध नव्हे. वर्षभर दारूशी झुंजून एका संध्याकाळी पडलेल्या माणसास आपण हा न्याय लावतो का? मी स्वतः कित्येकदा ती एक संध्याकाळच मोजली आहे. (मुद्रिका नष्ट होते ती तारीख २५ मार्च, देवदूताने पवित्र मरियेस निरोप दिल्याच्या सणाची!)

पुस्तक परत करताना तरुणाने विचारले, “मग गोलमचे काय?” मला उत्तर सुचले नाही. पहिले दोन खंड मात्र मागून घेतले.