विश्वासरावांची गोळी आणि प्रारब्ध

'स्टार ट्रेक' मालिकेच्या १९९० मधील 'यस्टरडेज एंटरप्राइझ' या भागात काळ ओलांडून आलेले यान इतिहास पूर्ववत व्हावा म्हणून पुन्हा भूतकाळातील विनाशाकडे धाडले जाते. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत मात्र १७६१ मध्ये पानिपतच्या लढाईत पेशवेपुत्र विश्वासरावांचा प्राण घेणारी गोळी समांतर इतिहासात हुकते आणि मराठे जिंकतात. दोन्ही इतिहास सारखेच खरे मानले, तर प्रारब्ध, म्हणजे फळ देऊ लागलेले पूर्वकर्म, कोणत्या विश्वासरावांनी भोगले? वेदान्त प्रारब्धाला सुटलेल्या बाणाची उपमा देतो, जो ज्ञान्यालाही चुकत नाही. याउलट पुंजभौतिकी, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे शास्त्र, केवळ संभाव्यता सांगते. या यदृच्छेलाच कर्म म्हणणे सोयीचे (आणि आपल्याकडे लोकप्रियही) असले, तरी ते उत्तर नव्हे, कारण कर्मसिद्धान्ताला कर्ता आणि भोक्ता एकच लागतो, आणि फाटे फुटणाऱ्या इतिहासात तोच दुभंगतो.