प्रोक्षण आणि विमानटपाल

कॅप्टन विंडहॅम यांच्या योजनेनुसार आंरी पेके या 23 वर्षांच्या फ्रेंच वैमानिकाने 18 फेब्रुवारी 1911 रोजी अलाहाबादच्या प्रदर्शनाच्या मैदानावरून सुमारे 6,500 पत्रे घेऊन उड्डाण केले आणि यमुना ओलांडून तेरा-एक मिनिटांत तो नैनीस उतरला, तेव्हा जगातील पहिले अधिकृत विमानटपाल रवाना झाले खरे. परंतु थैली टपालखात्याच्या हवाली होताच पुढला सारा प्रवास आगगाडीने आणि आगबोटीने, नेहमीच्या शिरस्त्यानेच व्हावयाचा होता. मग एका ख्रिस्ती वसतिगृहाच्या मदतीस जाणारे सहा आणे दर पत्रामागे ज्यांनी जादा भरले, त्यांनी नेमके काय विकत घेतले? वेळ तर नव्हेच.

यज्ञकर्माचा अर्थ लावणाऱ्या आपल्या मीमांसकांना हा प्रश्न परका वाटला नसता. यज्ञासाठी घेतलेल्या साळीवर मंत्रपूर्वक पाणी शिंपडतात, हेच प्रोक्षण. शिंपडलेला दाणा आणि कोरडा दाणा कांडल्यावर एकाच प्रतीचा तांदूळ देतात, तरीही पहिला यज्ञास योग्य आणि दुसरा अयोग्य ठरतो. हा विशेष, म्हणजे संस्कार, दाण्यातच उपजतो, असे मीमांसकांचे म्हणणे. नैयायिक उदयनाचार्य ‘न्यायकुसुमांजली’त त्यास हरकत घेऊन तो संस्कार शिंपडणाऱ्या पुरुषाच्या आत्म्यात ठेवतात. नाशिकच्या रामकुंडावरून तांब्याभर पाणी अंबड उपनगरात आणून देव्हाऱ्यात ठेवणारी गृहिणी, न्यायशास्त्राचे एक पानही न उलटता, मीमांसकांच्या पक्षाची असते; नळालाही गोदावरीचेच पाणी येते, हे तिला सांगून पाहावे!

माझा कल उदयनाचार्यांकडे आहे, कारण दहा किलोमीटर आकाशातून गेल्याने पत्रातला मजकूर तसूभरही बदलत नाही, बदलतो तो पाठवणारा. अडचण एवढीच, की ज्याने दमडी भरली नाही आणि उड्डाणही पाहिले नाही, असा कोणी दूरदेशीचा गृहस्थ पाकिटावरील किरमिजी शिक्का, त्यातले डोंगर आणि त्यांवरचे विमान पाहून हरखून गेला, तर त्याचे प्रोक्षण कोणी केले?

पुढे मात्र नवलाई ओसरली. 1929 साली नाशिकरोडच्या मुद्रणालयात दोन आण्यांपासून बारा आण्यांपर्यंतची खास विमानटपालाची सहा तिकिटे छापली गेली, आणि आकाशमार्गाला दरपत्रक आले. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ विमानातून कराचीचे टपाल अहमदाबादमार्गे जुहूस आणले (अहमदाबादेस विमानाचे पेट्रोल डब्यांतून, बैलगाडीवर लादून येई), आणि नेव्हिल विंटसेंट ते पुढे बळ्ळारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. नैनीचे उड्डाण हे काम्य, म्हणजे फळाच्या इच्छेने केलेले, कर्म होते. हे मात्र नित्यकर्म, ज्याच्या आचरणाने विशेष पुण्य लाभत नाही, पण जे चुकले तर प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. टपाल वेळेवर पोहोचले म्हणून टपालकचेरीत आभाराचा अर्ज कोण दाखल करतो? मला हे दुसरे कर्म अधिक थोर वाटते, कारण त्यात संस्कार कोठे बसतो हा वादच उरत नाही, केवळ ते करावे लागते. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा टाटांच्या माणसांनी आपला पसारा पुण्यास हलवावा आणि उड्डाणे तेथून चालू ठेवावी, अशी तजवीज होती.