फॉरवर्ड केलेली पीडीएफ आणि अस्तेय

॥ श्रीगुरुः शरणम् ॥



दिवाळी झाल्यावर आपल्या काही परिवार-ग्रुपांवर एका दिवाळी अंकाची अख्खी पीडीएफ फिरली. खाली लिहिलं होतं, ज्ञान वाटल्याने वाढतं, सगळ्यांना पाठवा. इंदूरच्या एका ताईंनी विचारलं, हे चालतं का? त्यावरून बरीच बोलाचाली झाली, दोघे-तिघे ग्रुप सोडून गेले. म्हणून या वेळी याच विषयावर लिहीत आहोत. पाठवणाऱ्यांचा भाव चांगला होता याबद्दल आम्हाला शंका नाही.

त्यांची अडचणही खरी आहे. पुण्या-मुंबईत दुकानात जाऊन अंक चाळता येतो. ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद इथे राहणाऱ्यांनी काय करायचं? नातवंडांच्या कानावर मराठी पडावं म्हणून आजी-आजोबा धडपडतात आणि हाताशी असतो तो फक्त मोबाईल.

पण याला विद्यादान म्हणता येईल का, ते पाहू. दानाची पहिली अट आपल्या शास्त्रकारांनी अशी घातली आहे की वस्तू देणाऱ्याच्या मालकीची हवी. तिच्यावरचं आपलं स्वत्व सोडायचं, तेव्हा दान घडतं. शेजाऱ्याच्या झाडाचे आंबे वाटले तर वाटणाऱ्याला पुण्य लागत नाही. बरं, पीडीएफ पुढे ढकलताना आपलं काय खर्ची पडतं? पैसा नाही, श्रम नाहीत, वेळही नाही. गुरुजी शिष्याला शिकवतात तेव्हा त्यांची विद्या कमी होत नाही हे खरं, पण आयुष्याची वर्षं त्यात जातात.

कुणी म्हणतं, पूर्वी पोथ्यांच्या नकला होतच होत्या की! होत होत्या. पण नक्कल करणारा महिनोन्‌महिने बोरू घेऊन बसायचा. कित्येक पोथ्यांच्या शेवटी तो आपल्या दुखऱ्या पाठीची, मानेची आठवण देऊन पोथी जपायला सांगतो. आणि त्या काळी ग्रंथकाराचं पोट प्रतींच्या विक्रीवर नव्हतं. आज अंक काढणारा कागदाचे, छपाईचे, लेखकाच्या मानधनाचे पैसे आधी घालतो आणि अंक विकले गेले तरच पुढच्या वर्षी उभा राहतो. मराठीत १९०९ पासून चालत आलेली ही परंपरा आपल्या प्रेमापोटीच आटली तर?

पतंजलींनी पाच यम सांगितले, त्यात तिसरा अस्तेय. व्यासभाष्य आणखी पुढे जातं: दुसऱ्याचं नुसतं न उचलणं पुरेसं नाही, त्याची हाव मनात नसावी. पुढे अपरिग्रह आहेच. एका मोबाईलमध्ये चारशे पुस्तकं भरून ठेवायची आणि त्यातली चारही वाचायची नाहीत, याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. शिवाय असली पुस्तकं नि नवे चित्रपट जिथून उतरवले जातात, तिथे बाजूला कसल्या जाहिराती असतात तेही बघा. जुगाराच्या! तोच फोन नातवाच्या हातात जातो.

सगळंच बंद, असं मात्र नाही. १९५७च्या कायद्याप्रमाणे पुस्तकाचा हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं प्रकाशित लेखन २०११ पासून सर्वांचं झालं आहे. ‘श्यामची आई’ खुशाल पाठवा. ज्ञानेश्वरी, गाथा, दासबोध यांच्या मूळ संहिता तर मोकळ्याच आहेत. पण त्यावर आजच्या अभ्यासकाने लिहिलेला अर्थ त्याचा आहे, आणि अभंग तुकोबांचा असला तरी त्याचं नवं ध्वनिमुद्रण गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं आणि ते काढणाऱ्यांचं आहे. पु. ल. देशपांडे २००० साली गेले. त्यांच्या पुस्तकांचा हक्क २०६० अखेरपर्यंत आहे. अभ्यासासाठी एखादा उतारा स्वतःकडे उतरवून घ्यायला कायद्याचीही हरकत नाही. विकत घेतलेलं पुस्तक घरोघरी वाचायला देणं तर उत्तमच, वाचनालयं त्यावरच चालतात. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय, हैदराबादचं मराठी ग्रंथसंग्रहालय यांचे सभासद आपल्यात किती आहेत?

उरला प्रश्न छापून संपलेल्या, कुठेच न मिळणाऱ्या पुस्तकांचा. तिथे आमचंही मन घुटमळतं. तरी आधी प्रकाशकाला एक फोन करावा. मागणी आहे हे कळल्याशिवाय तो पुन्हा छापणार कसा? लेखक किंवा त्यांच्या घरचे कधी कधी आनंदाने परवानगी देतात. विचारायचं मात्र आपण.

ज्यांनी ग्रुप सोडला त्यांना ज्येष्ठांनी स्वतः फोन करून परत बोलवावं, ग्रुपवर कुणालाही टोचून बोलू नये. आणि प्रत्येक केंद्राने येत्या गुरुवारच्या सत्संगात हव्या असलेल्या पुस्तकांची, अंकांची यादी करून सेवेकऱ्यांकडे द्यावी. एकत्र मागवलं की टपालखर्च वाटला जातो. ज्यांना पैशांची अडचण आहे त्यांनी फक्त नाव लिहावं, पुढचं मंडळ बघेल.

जय गुरुदेव.