निरोप घेण्याचा हक्क

आपल्या भाषेत ‘निरोप’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. दूरच्या माणसास निरोप पाठवितात आणि जवळच्या माणसाचा निरोप घेतात. कचेरीतील मंडळींना भ्रमणध्वनीवर एकत्र गुंफणारी जी संदेशयंत्रणा आज घरोघर पोचली आहे, तिने पहिला निरोप कमालीचा सुलभ केला आणि दुसरा जवळजवळ अशक्य केला. हा सौदा न्याय्य आहे काय, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम यंत्रणेच्या बाजूचे बोलू. छत्रपती संभाजीनगराजवळील वाळूजच्या एका कारखान्यात माझा भाचा देखभाल खात्यात आहे. एके रात्री पाळीवरील कामगाराने तापलेल्या बेअरिंगचे छायाचित्र गटावर टाकले. भाच्याने घरूनच यंत्र थांबविण्यास कळविले आणि मोठी मोडतोड टळली. दुसरा लाभ याहून सूक्ष्म आहे. तोंडी हुकूम देणारा वरिष्ठ उद्या तो नाकारू शकतो. लिहिलेला संदेश कनिष्ठाच्या बाजूने साक्षीदार म्हणून उभा राहतो. २०१३ साली पुढे आलेल्या ‘स्लॅक’ या प्रणालीच्या नावाची फोडच मुळी ‘सर्व संभाषणाची शोधता येणारी नोंद’ अशी करतात. मात्र त्याच इंग्रजी शब्दाचा साधा अर्थ ‘सैलपणा’ असा आहे, आणि सैलपणा तेवढा या दोरीत कोठे आढळत नाही.

भाच्याच्या वडिलांचे वर्षश्राद्ध होते. बोटात दर्भाचे पवित्रक असताना त्याने डाव्या हाताने उत्तर लिहिलेले मी पाहिले. निरोप क्षुल्लक होता : पुढील आठवड्यातील बैठकीस कोणती वेळ सोयीची? मी म्हटले, “अरे, तासाभराने कळविले असते तर?” तो म्हणाला, “मामा, मी वाचल्याची निळी खूण त्यांना दिसली असेल.”

त्याला कोणी हुकूम केला नव्हता, आणि खरी मेख येथेच आहे. पत्र टेबलावर पडून वाट पाहते. साहेबाचा शिपाई मात्र दारात उभा राहतो. या यंत्रणेने पत्राचे रूप घेतले आणि शिपायाचा तगादा उचलला. व्हॉट्सॲपवर २०१४ पासून दिसू लागलेल्या त्या निळ्या खुणेने मौनालाही अपराधाचे स्वरूप दिले.

‘मग यंत्र बंद करावे’ असे कोणी म्हणेल. परंतु बढतीची वाट पाहणाऱ्या कनिष्ठास हा उपदेश करणे सोपे आहे, आचरणे नव्हे. मुंबईच्या गिरणी कामगारांनाही रविवारी घरी बसण्यास कोणी हात धरून अडविले नव्हते. तरी नारायण मेघाजी लोखंडे यांना १८८४ साली त्यांची संघटना उभारावी लागली, आणि १८९० साली साप्ताहिक सुटी मिळाली. विश्रांती एकट्याच्या धैर्यावर सोडली तर ती कोणासच लाभत नाही. म्हणूनच फ्रान्सने २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्कास कायद्यात स्थान दिले. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत अशाच आशयाचे खासगी विधेयक मांडले होते.

तथापि तापलेले बेअरिंग आणि बैठकीची वेळ यांतील भेद कायदा प्रत्येक वेळी कसा ओळखणार? तो पाठविणाऱ्यानेच ओळखावयास हवा. खरोखर निकड असेल तर त्याने स्वतः दूरध्वनी करावा. आपल्या आवाजात कोणाची झोप मोडताना मनुष्य क्षणभर तरी विचार करतो. बाकी सारे सकाळपर्यंत थांबते.

हे लिहिताना मी स्वतःस वगळीत नाही. सेवेत असताना रात्री सुचलेले काम विसरू नये म्हणून मी ते त्याच क्षणी हाताखालच्या माणसांस कळवीत असे. माझ्या डोक्यावरचे ओझे उतरे; ते कोणाच्या उशाशी जाऊन पडे, हे मी कधी पाहिले नाही. श्राद्धाच्या त्या दिवशी ते मला प्रथम दिसले. दिवस संपल्यावर सहकाऱ्याचा निरोप घेणे आणि त्यालाही तो घेऊ देणे, हे सौजन्य नव्हे. ते त्याचे देणे आहे.