पूर्वपक्षाचें ऋण

राजकारणावर दोन सुशिक्षित माणसें वाद करूं लागलीं म्हणजे वादाच्या अखेरीस दोघांपैकीं एकाचें तरी मत बदललेलें आढळतें काय? आमच्या अनुभवास असें उदाहरण क्वचितच आलें आहे. मग ज्या वादानें मत बदलत नाहीं तो माणसें इतक्या आवेशानें कां करतात, आणि अशा वादाला कांहीं नीति असूं शकते काय, हा प्रश्न आज वाचकांपुढें मांडावयाचा आहे. प्रश्न सर्व देशांचा व सर्व काळांचा आहे. परंतु विवेचनासाठीं आम्ही अमेरिकेचें राजकारण घेणार आहों, कारण ह्या बाबतींत आमच्या हातून जी चूक घडली ती त्या राजकारणावरूनच घडली. स्वतःच्या चुकीची कथा सांगतांना संकोच वाटतो खरा. पण ती वगळली तर पुढील विवेचन हा नुसता उपदेश होईल, आणि उपदेशाचा अधिकार आम्हांस नाहीं.

आमचे एक वर्गबंधु तीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकेंत, न्यू जर्सी राज्यांत, राहतात. ते तेथील नागरिक आहेत. तेथें कर भरतात आणि तेथेंच मत देतात. दर रविवारीं सकाळीं त्यांच्याशीं दूरध्वनीवरून घटकाभर बोलावें, असा आमचा कित्येक वर्षांचा परिपाठ होता. २०२० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळीं त्यांचा कल एका पक्षाकडे होता व आमचा दुसऱ्याकडे. कोणाचा कोणत्या पक्षाकडे, हें सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. नांवांची अदलाबदल केली तरी आमचा मुद्दा तसाच राहील. चार महिने आम्ही दोघे भांडलों. तेथील वृत्तपत्रें आम्ही रोज वाचीत होतों. अध्यक्ष निवडण्याची तेथील गुंतागुंतीची पद्धति, २००० सालीं फ्लोरिडा राज्यांतील अवघ्या ५३७ मतांनीं ठरलेलें अध्यक्षपद, २०१६ सालीं देशभरांत २८ लाखांहून अधिक मतें जास्त मिळवूनही हिलरी क्लिंटन ह्यांचा झालेला पराभव, हें सर्व आमच्या जिभेवर होतें. अखेर एका रविवारीं बोलण्याच्या भरांत आम्ही म्हणून गेलों कीं, असें मत देणारा मनुष्य एक तर अडाणी असला पाहिजे, नाहीं तर लबाड. पलीकडे क्षणभर कांहींच ऐकूं आलें नाहीं. मग आमचा मित्र शांतपणें म्हणाला, ‘बरं, ठेवतों आतां.’ त्यानंतर रविवारचें बोलणें बंद पडलें.

दुसऱ्या दिवशीं महाविद्यालयांतील प्राध्यापकांच्या खोलींत ही हकीकत आम्हीं विजयवार्तेसारखी सांगितली. मंडळी हंसली. एका तरुण सहकाऱ्यानें मात्र साधेपणानें विचारलें, ‘पण सर, ते त्या पक्षाला मत देतात तें कां?’ आम्ही उत्तर देऊं लागलों आणि दुसऱ्याच वाक्यांत अडखळलों. आम्ही जें सांगत होतों तें आमच्या मित्राचें म्हणणें नव्हतेंच. त्याच्या पक्षाच्या लोकांविषयीं आमच्या पक्षाचीं पत्रें जें लिहितात, तेंच आम्ही त्याच्या नांवावर खपवीत होतों. चार महिने ज्याच्याशीं वाद केला त्याची बाजू आम्हांला चार वाक्यांत सांगतां येईना. आमच्या लाजेचें खरें कारण हें होतें. कठोर शब्द रागाच्या भरांत निसटतात, त्यांची क्षमा मागतां येते. परंतु चार महिने न ऐकणें हें रागाच्या भरांत घडत नाहीं.

आपल्या न्यायशास्त्रानें चर्चेचे तीन प्रकार केले आहेत. तत्त्वनिर्णयासाठीं होतो तो वाद, जिंकण्यासाठीं होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडतां दुसऱ्याचा केवळ मोडावयाचा ती वितंडा. जुन्या ग्रंथकारांची रीतही अशी कीं, आपला सिद्धान्त सांगण्यापूर्वी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचें म्हणणें, पूर्ण बळानिशीं मांडावयाचें. तो लंगडा करून मांडला तर त्याच्यावरील जय लंगड्यावर मिळविलेला जय ठरतो. ही विभागणी आम्हीं आमच्या वादाला लावून पाहिली, तेव्हां आमचा वाद जल्प होता, आणि पुष्कळदां वितंडाही होती, हें उघड झालें. पण एवढ्यानेंही त्याचें पुरतें वर्णन होत नाहीं. जल्प करणारा निदान समोरच्या माणसाशीं बोलत असतो. आमचा खरा श्रोता न्यू जर्सींत नव्हताच. तो प्राध्यापकांच्या खोलींत बसला होता. मित्राला टोला लगावतांनाच, हा टोला उद्यां कसा सांगावा, ह्याची जुळणी आमच्या मनांत चालली होती.

फ्रेंच ग्रंथकार तोकव्हील हा १८३१ सालीं अमेरिकेंत गेला होता. तेथील मनुष्य एकट्यादुकट्याशीं बोलतांनाही एखाद्या सभेपुढें उभा असल्यासारखा बोलतो, हें त्याच्या नजरेंतून सुटलें नाहीं. हा गुण म्हणावा कीं दोष? लोकशाहींत सभेपुढें बोलावें तर लागतेंच. निर्णय सभेच्या हातीं असतो. दोष उत्पन्न होतो तो बोलणें एकाशीं आणि लक्ष दुसऱ्याकडे, अशी स्थिति झाली म्हणजे. समोरचा मनुष्य मग मनुष्य राहत नाहीं. तो नाटकांतलें एक पात्र होतो, आणि त्याचीं वाक्येंही आपणच लिहूं लागतों.

सभेपुढें बोलूनही ह्या दोषांतून थोडेंफार सुटतां येतें, ह्याचें उदाहरण अमेरिकेच्याच इतिहासांत आहे. १८५८ सालीं इलिनॉय राज्यांतून सिनेटवर कोणी जावें ह्या प्रश्नावर अब्राहाम लिंकन व स्टीफन डग्लस ह्यांच्यामध्यें सात गांवीं सात वाद झाले. प्रत्येक वाद तीन तासांचा असे. पहिल्यानें एक तास बोलावें, दुसऱ्यानें दीड तास उत्तर द्यावें, आणि पहिल्यानें पुन्हां अर्ध्या तासांत समारोप करावा, असा क्रम ठरला होता. विषय मुख्यतः एकच होता : नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरूं द्यावी कीं नाहीं. तेथील गोऱ्या रहिवाशांनीं मतानें काय तें ठरवावें, असें डग्लसचें म्हणणें. जी गोष्ट मुळांतच अन्यायाची आहे ती मतानें न्याय्य होत नाहीं, असें लिंकनचें. त्या काळीं सिनेटर राज्याच्या विधिमंडळाकडून निवडले जात. विधिमंडळानें डग्लसला निवडलें आणि लिंकन हरला.

पुढें लिंकननें केलें तें आम्हांस त्या भाषणांइतकेंच मोलाचें वाटतें. वादांचे वृत्तान्त त्यानें वृत्तपत्रांतून कापून एका वहींत चिकटविले. स्वतःचीं भाषणें त्यानें आपल्या पक्षाच्या शिकागो येथील पत्रांतून घेतलीं, पण डग्लसचीं भाषणें घेतलीं तीं डग्लसच्या पक्षाच्या पत्रांतून. दोन्ही पक्षांचीं पत्रें प्रतिपक्षाच्या भाषणांची मोडतोड करून छापतात, असा त्या वेळीं सर्रास आरोप होत असे. तेव्हां प्रत्येकाचें बोलणें त्याच्या मित्रांनीं जसें टिपलें तसेंच लोकांपुढें जावें, अशी ही व्यवस्था होती. हाच संग्रह १८६० सालीं ग्रंथरूपानें निघाला, आणि त्याच वर्षीं लिंकन अध्यक्ष निवडून आला. प्रतिपक्षाला त्याच्या स्वतःच्या शब्दांत बोलूं देऊनही आपली बाजू उभी राहील, एवढा विश्वास ज्याला आहे तोच असें करूं शकतो. आम्हांला तो विश्वास नव्हता, म्हणूनच आम्ही मित्राच्या तोंडीं आमचे शब्द घालीत होतों.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. ‘प्रतिपक्षाला न्याय द्या, असें म्हणणें सुखवस्तु माणसाला सोपें आहे. ज्याच्या पाठीवर चाबूक पडतो आहे त्यानें चाबूकवाल्याचा पूर्वपक्ष कां मांडावा? सभ्यतेच्या नांवाखालीं अन्यायावर पांघरूण घालण्याचाच हा मार्ग नव्हे काय?’ इतिहास ह्या आक्षेपाच्या बाजूनें पुष्कळ साक्ष देतो. गुलामगिरीविरुद्धच्या अर्जांवर चर्चाच होऊं नये, असा नियम अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहांत १८३६ पासून १८४४ पर्यंत होता. सभागृहाची शांतता त्यानें राखली असेल. गुलामांच्या पायांतील एक बेडीही तुटली नाहीं. आणि १८५६ सालीं चार्ल्स सम्नर ह्या सिनेटरनें गुलामगिरीवर तिखट भाषण केलें, तेव्हां प्रेस्टन ब्रुक्स ह्या प्रतिनिधीनें त्याला सिनेटच्या सभागृहांतच काठीनें मारून रक्तबंबाळ केलें. त्या भाषणांत व्यक्तिगत निंदाही होती, हें खरें. पण सम्नरनें गोड बोलावयास हवें होतें, असा ह्यावरून निष्कर्ष काढणारा मनुष्य आंधळाच म्हटला पाहिजे.

लिंकनही ह्या कसोटीला पुरा उतरत नाहीं. त्याच सात वादांपैकीं चार्ल्सटन गांवच्या वादांत, गोऱ्या व काळ्या लोकांची सामाजिक आणि राजकीय समता घडवून आणावी असा आपला पक्ष नाहीं, असें त्यानें सभेला सांगितलें. सभा गोऱ्यांची होती. इलिनॉयमधील काळ्या माणसाला मताचा अधिकारच नव्हता. ज्याच्याविषयीं वाद चालला होता त्याला त्या वादांत ना बोलण्याची जागा, ना निर्णयाची. प्रतिपक्षाशीं इतक्या चोखपणें वागणारा मनुष्यही श्रोत्यांच्या ओढीनें अनुपस्थिताला कसा विसरतो, ह्याचें ह्याहून कठोर उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. आपल्या महात्मा फुल्यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें, तें ह्याच अनुपस्थिताची बाजू ओळखून केलें, असें आम्हांस वाटतें.

म्हणून वाद करणाऱ्यावर एक नव्हे, दोन ऋणें आहेत असें आम्ही म्हणूं. पहिलें प्रतिपक्षाचें : त्याचें म्हणणें आपण अशा शब्दांत मांडावें कीं तें ऐकून त्यानें मान डोलवावी व म्हणावें, ‘होय, मला हेंच म्हणावयाचें आहे.’ दुसरें ऋण, निर्णयाचा भार ज्याच्या डोक्यावर पडणार आहे पण जो खोलींत नाहीं, त्याचें. हीं दोन ऋणें परस्परविरोधी नाहींत. अन्यायाचा पूर्वपक्ष नीट समजून घेणें म्हणजे त्याला मान्यता देणें नव्हे. रोग कोठें आहे हें कळल्यावांचून शस्त्र कोठें चालवावें हें कळत नाहीं. डग्लसचा मुद्दा लिंकनला पूर्ण कळला होता, म्हणूनच त्याचा घाव वर्मीं बसला.

ह्या दृष्टीनें आम्ही आमच्याकडे पाहिलें तेव्हां आणखी एक गोष्ट ध्यानीं आली. त्या निवडणुकींत आम्हांला मत नव्हतें. निर्णय काय व्हावयाचा तो होवो, आमच्या घरांतील एक दिवाही त्यानें मंद होणार नव्हता. भार पडणार होता तो आमच्या मित्रावर. म्हणजे एकाच माणसाचीं दोन्ही ऋणें आमच्या डोक्यावर होतीं : प्रतिपक्षही तोच आणि भार वाहणाराही तोच. ज्या खेळांत आपलें कांहींच पणाला लागलेलें नाहीं तेथें सर्वांत मोठ्यानें ओरडतां येतें, हें सत्य आम्हांला साठीच्या उंबरठ्यावर शिकावें लागलें.

जॉन अॅडम्स व थॉमस जेफर्सन हे स्वातंत्र्ययुद्धांतले सहकारी. १८०० सालच्या कडवट निवडणुकीनंतर मात्र त्यांच्यांत अबोला पडला. जेफर्सनच्या शपथविधीलाही अॅडम्स थांबला नाहीं. बेंजामिन रश ह्या दोघांच्या स्नेह्यानें मध्यस्थी केली आणि १८१२ सालीं अॅडम्सनें पहिलें पत्र धाडलें. पुढें चौदा वर्षें पत्रें चाललीं आणि १८२६ सालच्या ४ जुलै रोजीं, एकाच दिवशीं, दोघेही मरण पावले. मतें बहुतेक होतीं तशींच राहिलीं, आणि गुलामगिरीचा प्रश्न त्या पत्रांत फारसा येतच नाहीं, हें त्यांचें न्यून लपवूं नये. तरी १८१३ सालच्या एका पत्रांतील अॅडम्सची इच्छा आमच्या मनांत घर करून राहिली आहे. एकमेकांस आपलें मन समजावून सांगितल्यावांचून आपण दोघांनीं मरूं नये, असा तिचा आशय. ‘पटवून दिल्यावांचून’ असें तो म्हणत नाहीं.

आम्हांला रश मिळाला नाहीं. तेव्हां आम्हींच मित्राला पत्र लिहिलें. क्षमा मागितली, आणि पुढें एकच प्रश्न विचारला : तूं त्या पक्षाला मत कां दिलेंस तें मला सांग, मी उत्तर देणार नाहीं. तीन आठवड्यांनीं चार पानें आलीं. त्यांत आमच्या चार महिन्यांच्या वादांतला एकही मुद्दा नव्हता. होता तो पत्नीच्या आजारपणांतला विम्याचा हप्ता, शाळांसाठीं घरावर बसणारा कर, आणि उतारवयांत नोकरी गेली तर काय, ही चिंता. त्या पक्षाच्या पुढाऱ्यांचे दोष त्यानें आमच्यापेक्षां अधिक स्पष्ट शब्दांत लिहिले होते. शेवटीं एक ओळ होती : ‘हें तूं एकदां तरी विचारशील असं वाटलं होतं.’

तीं पानें वाचून आमचें मत बदललें काय? नाहीं. त्याच्या चिंतेवर त्या पक्षाजवळ औषध आहे, असें आम्हांस आजही वाटत नाहीं, आणि तसें आम्ही त्याला पुढें सांगितलेंही. पण आतां तें सांगतांना आम्ही त्याच्याशींच बोलत होतों. रविवारचा परिपाठ पुन्हां सुरू झाला आहे. २०२४ सालच्या निवडणुकीच्या वेळींही आम्ही भांडलों. मात्र आधीं आम्ही त्याची बाजू त्याला सांगत होतों आणि तो म्हणे, ‘थांब, अजून एक राहिलं.’ तें राहिलेलें ऐकून घेतल्याशिवाय आम्ही आमचा सिद्धान्त सुरू करीत नव्हतों.